शाळेचे संमेलन आणि पालकांचे तिकीट



डिसेंबर महिना लागला की गोव्यातील शाळांच्या पटांगणांवर मांडव दिसू लागतात. कोठे स्नेहसंमेलन, कोठे आनंदमेळा, कोठे हौझीचा खेळ. वाचनालयाला कपाटे हवी असतात, एखाद्या वर्गाचे छप्पर गळत असते, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी हवी असते. आणि या साऱ्या गरजांसाठी पालक-शिक्षक संघाकडे पाहिले जाते. संघ एकीकडे तिकिटे छापतो आणि दुसरीकडे स्वयंसेवक गोळा करतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध असावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

अशा एका संध्याकाळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एक आई सकाळी सात वाजल्यापासून शाळेत आहे. तिने घरून बटाटे, पीठ व तेल आणून दोनशे वडे तळले, चौथीतल्या मुलींच्या ओढण्यांना टाके घातले, खुर्च्या मांडल्या. त्या दिवसाचा तिचा रोज बुडाला. पाच वाजता ती घरी जाऊन सासूबाईंना आणि धाकट्या मुलाला घेऊन आली, तो फाटकाशीच तिकीट विचारण्यात आले. माणशी शंभर रुपये.

"वहिनी, तुम्ही आमच्याच," फाटकावरचे गृहस्थ संकोचून म्हणाले, "पण नियम सर्वांना सारखा."

"मग सासूबाईंचे एक द्या, भाऊ. नातीचा नाच पाहायला त्या मुद्दाम आल्या आहेत."

एक तिकीट फाडले गेले. सासूबाई आत गेल्या. आई मुलाला कडेवर घेऊन मांडवाच्या कनातीमागे उभी राहिली आणि कापडाच्या फटीतून तिने आपल्या मुलीचा नाच पाहिला. कार्यक्रम संपल्यावर कढया घासण्यासाठी मात्र तिला आत बोलावण्यात आले, आणि ती गेलीही.

या प्रसंगात दुष्ट असा कोणीच नाही. फाटकावरचे गृहस्थ स्वतःचे दुकान बंद ठेवून आलेले असतात. एकाला सोडले तर दहाजण सवलत मागतील, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. मांडवाचे भाडे द्यावयाचे असते, ध्वनिक्षेपकवाला दाराशी उभा असतो. शिवाय ज्याने तिकीट काढले त्याला शाळा आपली वाटते, असेही पुष्कळांचे म्हणणे आहे. ही सर्व कारणे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. जिने दिवसभराचे श्रम दिले, तिने शाळेला काहीच दिले नाही असे धरून तिच्याकडे पुन्हा शंभर रुपये मागणे न्यायाचे आहे काय?

मदतीच्या खेळाची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, तेव्हा तिकिटांचे दर नेहमीपेक्षा पुष्कळच चढे होते. तरीही रसिकांनी ती आनंदाने काढली. त्या तिकिटात अन्याय नव्हता, कारण ज्याला परवडत नव्हते तो घरी राहण्यास मोकळा होता. शाळेच्या संमेलनातील आईला ती मोकळीक नसते. रंगमंचावर तिचे मूल उभे असते, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ते आपल्या माणसांना शोधत असते. जेथे नाही म्हणण्याची सोय नाही, तेथे तिकिटाची देणगी उरत नाही. तिचा कर होतो.

मुलांच्या हाती तिकिटांची पुस्तके देण्याची चालही अशीच तपासून पाहिली पाहिजे. ज्याचे वडील कचेरीत अधिकारी आहेत, त्याचे पुस्तक एका सकाळी संपते. ज्याचे वडील मासळीच्या होडीवर जातात, तो मुलगा दारोदार फिरतो आणि उरलेली तिकिटे दप्तरात लपवितो. वर्गात सर्वांदेखत हिशेब घेतला जातो, तेव्हा त्याला अंकगणिताखेरीज आणखीही एक धडा मिळतो. तो धडा शाळेने द्यावयाचा नसतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला प्रवेश देताना अधिसूचित शुल्काव्यतिरिक्त कोणत्याही प्रकारची देणगी घेण्यास मनाई केली आहे, आणि तसे घेतल्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगितला आहे. संमेलनाचे तिकीट प्रवेशानंतर येते, म्हणून ते त्या कलमात सापडत नाही, हे खरे. परंतु जी सक्ती पुढच्या दाराने येऊ नये असे कायद्याला वाटते, ती मागच्या दाराने येऊ नये याची काळजी संघाने आपण होऊन घ्यावी. अमेरिकेत १८९७ साली वॉशिंग्टन येथे मातांची जी परिषद भरली, तिच्यातूनच पुढे त्या देशाचा पालक-शिक्षक संघ वाढला. मुलांचे कल्याण हा त्या मातांच्या एकत्र येण्याचा हेतू होता. निधी हे त्या हेतूचे साधन होय, आणि साधनाने हेतूला दुखवू नये.

आता थोडा हिशेब पाहू. उदाहरणादाखल, चारशे तिकिटे शंभर रुपयांप्रमाणे खपली, तर चाळीस हजार रुपये जमले. मांडव व खुर्च्या यांचे अठरा हजार, दिवे व ध्वनिक्षेपक यांचे नऊ हजार आणि छपाईचे दोन हजार वजा जाता अकरा हजार उरले. साठ पालकांनी प्रत्येकी दोनशे रुपयांचे सामान घरून आणले असेल, तर ते बारा हजारांचे झाले. आणि ते कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. म्हणजे संघाच्या हाती जी शिल्लक दिसते, ती या साठ घरांनी आपल्या पदरचे घालून भरून काढलेली असते. दिवसभराचे श्रम तर या हिशेबात धरलेलेच नाहीत.

यावर उपाय अवघड नाहीत. ज्या कार्यक्रमात मुले भाग घेतात, त्याला त्या मुलांच्या घरच्यांकडून तिकीट घेऊ नये. दाराशी बंद पेटी ठेवावी आणि कोणी किती टाकले हे कोणी पाहू नये. विक्रीची तिकिटे हौझी, खाद्यपदार्थ आणि बाहेरच्या पाहुण्यांसाठी असलेले कार्यक्रम यांपुरती ठेवावी. स्वयंसेवकाला त्या दिवशीचे जेवण आणि त्याच्या कुटुंबाला प्रवेश न मागता मिळावा. सामानाचा खर्च पावती पाहून परत करावा. ज्याला तो नको असेल, त्याने ती रक्कम आपल्या खुशीने पेटीत टाकावी. कामाच्या पाळ्या दोन-दोन तासांच्या असाव्यात, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडणार नाही. ज्याला शाळेत येणेच शक्य नाही, त्याला घरी बसून पताका कापण्याचे काम द्यावे. आणि पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च शाळेच्या फलकावर व पालकांच्या मोबाइलवर पोहोचवावा. त्यात रुपयांच्या शेजारी, किती पालकांनी किती तास काम केले, हेही लिहावे.

असे केल्याने उत्पन्न थोडे घटेल, हे मान्य केले पाहिजे. मग मांडव थोडा लहान करावा, रोषणाई कमी करावी. मुलांच्या नाचाला तिने उणेपणा येत नाही.

अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. त्या फंडाने माणसागणिक एक पैसा मागितला. एक पैसा कोणालाही जड नव्हता, म्हणून देणाऱ्यांत श्रीमंत आणि गरीब असा भेद पडला नाही. नियम सर्वांना सारखा असावा, हे फाटकावरच्या गृहस्थांचे म्हणणे बरोबरच होते. परंतु सारखेपणा तिकिटाच्या आकड्यात पाहावयाचा की ज्याच्या त्याच्या ऐपतीत, हे आधी ठरले पाहिजे. शंभर रुपये एका घरी सहज विसरले जातात. दुसऱ्या घरी त्यांत दोन दिवसांची भाजी येते.

पुढील वर्षी पुन्हा मांडव पडेल, पुन्हा वडे तळले जातील. त्या संध्याकाळी संघाच्या अध्यक्षांनी फार काही करावयास नको. पडदा उघडण्यापूर्वी एकदा कनातीमागे जाऊन यावे, तेथे कोणी उभे असल्यास त्यांना आत आणावे, आणि मुलांना दिसतील अशा जागी बसवावे.