दाताचे बिल आणि विम्याचे कलम

(राळेगाव येथील अभ्यासवर्गातील भाषण)



1951 साली ॲन्युरिन बेव्हन ब्रिटनच्या मजूर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. निमित्त होते कवळ्या आणि चष्मे! कोरियातील युद्धामुळे शस्त्रांवरील खर्च वाढला, तेव्हा अर्थमंत्री गेट्स्केल यांनी आरोग्य सेवेतील या दोन वस्तूंवर आकार बसविला. 1948 मध्ये मोफत म्हणून उभारलेल्या सेवेच्या तत्त्वालाच हा छेद आहे, असे बेव्हन यांनी मानले. कवळीपायी मंत्रिपद सोडणारा हा माणूस अनेकांना हेकट वाटला. दाढेच्या ठणक्याने चार दिवसांची मजुरी बुडालेल्या राळेगावच्या शेतमजुराला तो तसा वाटणार नाही.

ठणकत्या दाढेने माणूस घासाघीस करू शकत नाही. कोणता उपचार आवश्यक होता आणि कोणता माथी मारला गेला, हेही त्याला पारखता येत नाही. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का चालत नाही, याचे हेच कारण केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये मांडले. तेव्हा उपचारापूर्वी लेखी अंदाज आणि नंतर तपशीलवार पावती मागणे हा उद्धटपणा नव्हे.

विम्याची गोष्ट आणखी वेगळी. 2020 पासून सर्व कंपन्यांना विकावी लागलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत आजाराने वा इजेने आवश्यक झालेला दंतोपचार आहे. पण रुग्णालयात किमान 24 तास दाखल झाल्यास. रूट कॅनल खुर्चीवर तासाभरात होते! दावा फेटाळला जातो तो वैद्यकशास्त्राने नव्हे, कलमाने. मात्र अपघातात जबडा मोडून दाखल झालेल्यास कोणी ‘दंतोपचार वगळला आहे’ असे तोंडी सांगितले, तर ते ऐकून परतू नये. कलमाच्या क्रमांकासह लेखी कारण मागावे, कंपनीकडे तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास किंवा नकार आल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील नाही, आणि निवाडा कंपनीला बांधतो, तक्रारदाराला नाही.

दवाखान्याच्या बिलाचा वाद ग्राहक आयोगाचा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरविले. 2019 च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. म्हणजे राळेगावकराला यवतमाळ पुरते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तालुक्यातील एका तरी कार्यकर्त्याने हे अर्ज लिहिण्यात हात बसवावा.

परंतु ज्याच्यापाशी पॉलिसीच नाही, त्याने कोणाशी भांडावे? कापसाच्या पट्ट्यातला जिनिंगचा कामगार पाहा. 1948 च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्यांच्या व्याख्येत सरकी काढण्याचे काम नावानिशी घातले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा अपवाद जपला. उरते महात्मा फुले जन आरोग्य योजना. खर्रा खाऊन तोंडाचा कर्करोग झाला, तर तिच्यात शस्त्रक्रिया आहे. त्याआधी किडकी दाढ भरायची, तर तिच्यात काही नाही. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य आठवड्यातून किती दिवस बसतो, त्याच्यापाशी साहित्य असते का, हा प्रश्न पंचायत समितीच्या आमसभेत लेखी विचारावा, आणि तोही कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी.