गाडीच्या मागच्या आसाचा आवाज

कवायतीत मुलांची रांग वळताना तुम्ही पाहिलीच असेल. आतला मुलगा जागच्या जागी पाय हलवतो. बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. पिकअप गाडी वळते तेव्हा मागच्या दोन चाकांचे तसेच होते. त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे यंत्र म्हणजे डिफरन्शियल. मागच्या आसावर मध्ये जो लोखंडी फुगवटा दिसतो ना, त्यात ते असते.

ते आवाज करू लागले की पुष्कळजण दाट तेल ओततात. आवाज दबतो, झीज मात्र चालूच राहते. आणि माल भरलेल्या गाडीचा आस घाटात जखडला, तर गाठ जिवाशी असते.

म्हणून आधी कान द्या. रस्ता बदलताच आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा. वेग देताना वा सोडताना घरघर बदलली, तर क्राऊन-पिनियनवर संशय घ्यावा. एकसारखी गुरगुर बहुधा बेअरिंगची. केवळ वळणावर खटखट होत असेल, तर आतले लहान गिअर पाहावेत. मग तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवा. थोडी बारीक पूड चालेल; चकाकते तुकडे निघाले, तर यंत्र उघडलेच पाहिजे.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत. दातांमधली फट मापयंत्राने बसवावी, अंदाजाने नव्हे. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे.

बैल लंगडला, तर आपण आधी त्याचा खूर उचलून पाहतो. गाडीचेही तसेच करावे.