ग्रिम बंधूंच्या कथा मुलांच्या हाती कशा आल्या?



मुलांसाठी पुष्कळ पुस्तके छापली जातात. परंतु ती सर्वच मुलांची होतात असे नाही. जर्मनीतील याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंचा कथासंग्रह हे याचे बोलके उदाहरण होय.

या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली व दुसरा १८१५ साली बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या नावात मुलांचा उल्लेख होता. पण आत चित्रे नव्हती. उलट, अभ्यासकांसाठी विस्तृत टीपा होत्या. लोकांच्या तोंडी असलेले कथाधन नष्ट होण्यापूर्वी जतन करावे, हा संपादकांचा मुख्य हेतू होता. काही कथा मुलांना देण्याजोग्या नाहीत, असा आक्षेपही घेण्यात आला.

१८२३ साली लंडनमध्ये एडगर टेलर यांनी केलेला निवडक कथांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. व्यंगचित्रकार जॉर्ज क्रूकशँक यांच्या मिस्कील चित्रांनी तो नटलेला होता. त्याला चांगला वाचकवर्ग लाभला. हे पाहून विल्हेल्म यांनी आपल्या प्रकाशकास लहान, सचित्र आवृत्ती सुचविली. ती १८२५ साली निघाली. तीत ५० कथा निवडण्यात आल्या, टीपा गाळण्यात आल्या आणि धाकटे बंधू लुडविग एमिल यांची ७ चित्रे घालण्यात आली.

७ चित्रे आज थोडी वाटतील. परंतु तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र खिळ्यांबरोबर छापता येत नसे. कोरलेल्या रेषांत शाई भरून ते निराळ्या यंत्रावर छापावे लागे आणि मग ते पान पुस्तकात जोडावे लागे. प्रत्येक चित्रागणिक श्रम व खर्च वाढत असे. तो सार्थकी लागला. १८५८ पर्यंत या लहान पुस्तकाच्या १० आवृत्त्या निघाल्या. कथा बहुतांशी जुन्याच होत्या. बदलले होते ते पुस्तकाचे रूप. एवढे घडण्यास १३ वर्षे लागली.

शाळेसाठी अथवा गावच्या वाचनालयासाठी पुस्तके घेताना यादीतील संख्या भरली म्हणजे काम झाले, असे मानू नये. मुलाला पुस्तक सहज हाताळता येईल काय, अक्षर ठसठशीत आहे काय, चित्रे कथेला धरून आहेत काय, हे पाहणे अगत्याचे आहे. घेतलेली पुस्तके कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती पडतील, याची व्यवस्था शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी मिळून करावी.