फळीवरचें स्टेशन

खेळण्यांतील आगगाडी पहिल्या दिवशीं घरांतील सर्वांना भोंवती गोळा करते, आठव्या दिवशीं एकट्या मुलाला, आणि महिना संपतां संपतां ती पुन्हां पेटींत जाते. ह्यांत मुलाचा चंचलपणा नाहीं. दोष गाडीचा आहे. ती गोल फिरते, पण कोठें जात नाहीं. तिची कोणी वाट पाहत नाहीं, तिच्यांतून कोणी उतरत नाहीं, आणि तिला उशीर होणें तर शक्यच नसतें. परंतु त्या रुळांच्या कडेला पुठ्ठ्याची एक खोली उभी राहिली आणि तिच्यापुढें फलाट म्हणून लांकडाची एक पट्टी आली, कीं त्याच गाडीला उशीर होऊं शकतो. लघु आगगाडीच्या छंदाला खरी गोडी येथून लागते.

हा छंद पोरांपुरता कधींच राहिला नाहीं. जर्मनींतील मार्कलिन ह्या कारखान्यानें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत ठराविक रुंदीच्या रुळांचा संच मांडला. यंदां घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षीं नवा डबा किंवा नवा सांधा जोडतां येऊं लागला. खेळण्याचा संसार झाला म्हणावयाचा! तरी पुष्कळ वर्षें सर्व कौतुक इंजिनाचेंच होतें. रुळांभोंवतालचा मुलूख इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे, हें ज्यांनीं प्रथम दाखवून दिलें त्यांत इंग्लंडमधील जॉन आहर्न ह्यांची गणना होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत त्यांनीं ‘मॅडर व्हॅली’ नांवाचें एक कल्पित खोरें फळ्यांवर वसविलें. पूल, गल्ल्या, दुकानें आणि धक्का असलेलें तें खोरें आज ऑक्सफर्डशायरमधील पेंडन नांवाच्या संग्रहालयांत आहे. त्या संग्रहालयाचे संस्थापक रॉय इंग्लंड ह्यांचा मार्ग मात्र निराळा. हे गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे. १९२५ सालीं ते इंग्लंडला आले, आणि तेथील जुनीं गवती छपराचीं घरें डोळ्यांदेखत बदलत चाललेलीं पाहून त्यांनीं ठरविलें कीं, तीं जशींच्या तशीं लघुरूपांत टिपून ठेवावयाचीं. एकानें मनांतील गांव वसविलें, दुसऱ्यानें डोळ्यांपुढील गांव जपून ठेवलें. हौशी माणसाला आजहि ह्या दोहोंतून एक वाट निवडावी लागते.

आपल्याकडेहि हा नाद कांहीं नवा नाहीं. पुण्यांत श्री. भाऊसाहेब जोशी ह्यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहावयास खुलें झालें, आणि शाळेच्या सहलींनीं त्याची कीर्ति गांवोगांव नेली. पण घरीं असा पसारा मांडूं पाहणाऱ्या माणसापुढें गणिताचीच पहिली अडचण उभी राहते. बाजारांत मुबलक मिळणारा माल सत्त्याऐशीस एक ह्या प्रमाणाचा असून त्याच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. युरोपांतील लोहमार्गाच्या १,४३५ मिलिमीटर रुंदीला ८७ नें भागलें म्हणजे हें उत्तर येतें. आपला ब्रॉडगेज आहे १,६७६ मिलिमीटरांचा. त्याला भागून सव्वाएकोणीस येतात. तितक्या रुंदीचे तयार रूळ दुकानांत मिळत नाहींत. म्हणून आपल्या इंजिनाचा लघु नमुना परक्या रुळांवर उभा केला, कीं तो आंखूड पायजमा घातल्यासारखा दिसतो.

नॅरोगेजवाल्याचें दैव येथें जोरावर आहे. बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नें भागलें तर पावणेनऊच्या जवळचें उत्तर येतें. आणि दुसऱ्या एका लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठीं नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ हवे तेवढे तयार मिळतात! पाव मिलिमीटरची तफावत कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्या इंजिनिअरनें आंखलेला हा मार्ग १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाला. १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोहोंचला. हलके रूळ वापरतां यावे म्हणून कॅल्थ्रॉपनें प्रत्येक आंसावरील भार पांच टनांच्या आंत ठेवला, आणि इंजिनाला चाकें वाढवून तो वांटून दिला. वाघिणीहि त्यानें पंचवीस फूट लांबीच्या एका मापांत बसविल्या. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड हा छोटा मार्ग त्याच्याच हातून ह्याच रुंदीचा झाला. तो १९०४ सालीं सुरू होऊन १९३४ सालीं बंदहि पडला. बार्शीचा मार्ग त्याहून पुष्कळ टिकला. १९५४ सालीं तो सरकारच्या ताब्यांत आला, आणि चालूं शतकाच्या पहिल्या दशकांत त्याचे अरुंद रूळ उखडून ब्रॉडगेज टाकण्यांत आला. वाहतुकीच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. त्याबद्दल गळा काढण्याचें कारण नाहीं. पण त्या गाडीनें पंढरीस गेलेलीं माणसें अजून आहेत, आणि तीं दरवर्षीं थोडीं थोडीं कमी होत आहेत.

म्हणूनच अशा मार्गावरचें स्टेशन करावयास बसणाऱ्यानें पाटीवर कोणतें नांव घालावयाचें, हें आधीं स्वतःशीं ठरवावें. नांव कल्पित असेल तर खोली डावीकडे कीं उजवीकडे, हें विचारणारा कोणी नाहीं. एकदां खऱ्या गांवाचें नांव घातलें कीं त्या गांवच्या लोकांचा त्या फळीवर हक्क उत्पन्न होतो. कोणी म्हातारे गृहस्थ येतील, कमरेंत वांकून पाहतील आणि म्हणतील, “लिंब ह्या बाजूला नव्हता हो.” तेव्हां लिंब हलविण्याची तयारी ज्याची नसेल, त्यानें कल्पित नांवच पसंत करावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु खोली एका स्टेशनाची, टाकी दुसऱ्याची आणि नांव तिसऱ्याचें, असा गोंधळ केवळ सोयीसाठीं करूं नये.

आतां मापांकडे वळावें. खऱ्या स्टेशनांतील तीनशें मीटरांचा दुहेरी मार्ग ह्या प्रमाणांत जवळजवळ साडेतीन मीटर होतो. एवढी फळी कोणत्या घरांत मावणार? तेव्हां लांबी छाटावी लागते. मात्र कोठें छाटावयाचें आणि कोठें नाहीं, ह्यांतच सारें कसब आहे. पंचवीस फुटी वाघीण अठ्ठ्याऐशीं मिलिमीटर भरते. पांच वाघिणी व इंजिन मिळून साधारण साठ सेंटिमीटर होतात. तितकी गाडी दोन सांध्यांच्या मध्यें निर्वेध उभी राहिली म्हणजे सहा फुटी फळीवर काम भागतें. पण दाराची उंची छाटूं नये. सात फुटी दार पंचवीस मिलिमीटरांचें, साडेपांच फुटी माणूस एकोणीस मिलिमीटरांचा, आणि चाळीस फुटी लिंब चौदा सेंटिमीटरांचा, हें सक्तीनें पाळावें. नवशिका मनुष्य झाडें हटकून लहान करतो आणि माणसें मोठीं. मग तें स्टेशन न दिसतां बाहुलीचें घर दिसूं लागतें.

कामाच्या क्रमाविषयीं एकच सांगणें पुरे आहे: डिंकाची बाटली उघडण्यापूर्वीं आठ दिवस नुसत्या रुळांवर गाड्या चालवाव्या. सर्वांत लांब डबा फलाटाच्या कडेशीं घासतो का, आणि बाजूच्या मार्गावरील शेवटची वाघीण सांध्याच्या इतकी जवळ तर राहत नाहीं ना कीं येणारी गाडी तिला धडकावी, हें ह्याच वेळीं कळतें. खऱ्या स्टेशनावर ह्या मर्यादेची खूण दोन मार्गांच्या मध्यें पुरलेली असते. फळीवरहि आगपेटीच्या काडीचें टोंक पांढरें करून तेथें रोवावें. शोभाहि होते आणि अपघातहि टळतो.

जमिनीच्या बाबतींत मोठी चूक होते ती फळी सपाट ठेवण्याची. सपाट मैदान म्हणतात त्या मुलुखांतहि रूळ भरावावर असतात आणि शेत खालीं असतें. रुळांखालीं बोटभर जाडीची पट्टी घालून भोंवतालची जमीन उतरती सोडली, एखादा ओढा खोल नेला आणि त्यावर मोरी बांधली, कीं निम्में दृश्य तयार झालें. माती मात्र विकतची हिरवी भुकटी नसावी. सोलापुराकडचें रान वर्षांतील आठ महिने हिरवें नसतें. खरी माती उन्हांत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करावी. मग तिच्यावरून एक लोहचुंबक सावकाश फिरवावा. आपली काळी माती काळ्या पाषाणाची झालेली, आणि त्या पाषाणांत चुंबकाला चिकटणारे लोहखनिजाचे कण असतात. ते तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटारींतील चुंबकाकडे ओढले जातात आणि महिन्याभरांत मोटार कुरकुरूं लागते. चुंबकाला चिकटलेली काळी दाढी पाहून मुलें हरखून जातात. भूगोल आणि पदार्थविज्ञान हे दोन्ही धडे तेथें फुकट मिळतात.

माती पसरल्यावर सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकांत तितकेंच पाणी मिसळावें, त्यांत भांडीं घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, आणि तें थेंबाथेंबानें सोडावें. साबण नसला तर पाणी मातीवर गोळ्या होऊन बसतें, आंत मुरत नाहीं. खडीचेंहि तसेंच, दोन इंची दगड ह्या प्रमाणांत जाडसर रव्याच्या कणाएवढा होतो. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशीं खडी घालूंच नये. तेथें नुसता रंग द्यावा. आणखी एक गोष्ट अशी कीं, डिंकानें माती गडद होते आणि लहान आकारांत गडद रंग अधिकच गडद भासतो. म्हणून काळ्या मातीच्या देशांतहि फळीवर तिच्यांत थोडी राख मिसळावी लागते.

ह्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं: फळीवर महिना कोणता आहे? फलाटावर आषाढीचे वारकरी बसवावयाचे असतील तर रुळांपलीकडे शाळूचें पीक उभें करतां येत नाहीं. शाळू पेरला जातो पावसाळ्याच्या अखेरीस आणि कापला जातो माघ-फाल्गुनांत. आषाढांत रान नांगरलेलें, पहिल्या पावसानें ओलें आणि बांधावर किंचित् हिरवें असावयाचें. कार्तिकी घेतली तर शाळू गुडघ्याएवढा, म्हणजे सहा मिलिमीटर. काथ्याच्या पायपुसण्याचे तंतू कापून रांगेनें लावले कीं तो होतो. कणसें धरलेला, तेवीस मिलिमीटर उंचीचा शाळू हवा असेल तर यात्रेचा मोह सोडून माघांतला एखादा साधा दिवस निवडावा. गर्दीपेक्षां असा दिवसच फळीवर अधिक शोभतो. दोन बायका, एक वळकटी, सावलींत पेंगणारा हमाल आणि निशाण काखेंत धरून उभा असलेला सांधेवाला, एवढ्यानें स्टेशन भरतें.

झाडांसाठीं तांब्याच्या तारांचा पीळ पुरे. लिंबाचा पर्णभार दाट, बाभळीचा विरळ. बाभळीला काथ्या पिंजून अगदीं पातळ लावावा, म्हणजे पलीकडचें आकाश दिसतें. दुकानांतील तयार माणसें पाश्चात्त्य असतात, टोपी घातलेलीं आणि हातांत चामडी पेटी घेतलेलीं. पातळ कागद डिंकांत भिजवून त्यांना धोतर नेसवितां येतें, टोपी तासून पटका बांधतां येतो. पळणारा माणूस घेऊं नये. तो जन्मभर एका पायावर पळत राहतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा कंटाळा येतो. बसलेलीं व उभीं माणसें चालतात, कारण स्टेशनावरचा मनुष्य बहुतेक वेळ तेंच करीत असतो. त्यांना फलाटाच्या कडेला रांगेनें मांडूं नये. गाडी दिसेपर्यंत सगळीं झाडाखालींच असतात.

उरतात त्या बारीक वस्तु, आणि त्या पुस्तकांत सांपडत नाहींत. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा दाराच्या कोणत्या अंगाला होता, पाण्याचा रांजण कोठें असे, तिकिटाच्या खिडकीपुढची फरशी झिजली होती का, हें जुन्या नोकरांना आणि रोजच्या उतारूंना विचारल्यावांचून कळत नाहीं. विचारावयास जाणाऱ्यानें कागदावर स्टेशनाचा ढोबळ आराखडा चुकीचा कां होईना, पण काढून न्यावा. कोऱ्या कागदापुढें म्हातारा मनुष्य “आतां आठवत नाहीं” म्हणतो; चुकीचा आराखडा पाहिला कीं तो पेन्सिल मागून घेतो. अशा भेटी लांबणीवर टाकूं नयेत. डिंक पुढच्या वर्षींहि मिळेल.

पाटी सर्वांत शेवटीं लावावी. पिवळ्यावर काळीं अक्षरें, एका अक्षराची उंची तीन-साडेतीन मिलिमीटर. हातानें लिहिण्यापेक्षां छापून चिकटविलेली बरी. तत्पूर्वीं ज्यांनीं माहिती दिली त्यांना एकदां घरीं बोलावून फळी दाखवावी, आणि त्यांनीं मान हलवीपर्यंत पाटीचे खांब कोरडेच उभे ठेवावे.