चेरी टोमॅटो : माती ओळखून खत
(भाषणाचा मजकूर)



बीदर शहराचे पठार जांभ्या दगडाचे आहे. तेथून खाली भालकी, औराद अथवा कलबुर्गीकडे गेले की तांबडी माती मागे पडते आणि काळी, भारी जमीन लागते. खताची एकच मात्रा या दोन्ही ठिकाणी सारखीच लागू पडेल, असे मानणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. चेरी टोमॅटोच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दहा-वीस ग्रॅम वजनाचे हे फळ गोडी, रंग आणि अखंड साल यांवर विकले जाते.

जांभ्यातून पाणी झिरपते; बीदरला बहामनी काळातील सुरंगबावी याच गुणावर उभी राहिली. परंतु जे झिरपणे त्या बांधकामास वरदान ठरले, तेच पिकास जड जाते. पाण्याबरोबर नत्र व पालाश मुळांखाली निघून जातात. शिवाय या मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदास जखडून ठेवतात. येथे खत थोडे थोडे, अनेक हप्त्यांत द्यावे आणि स्फुरद कुजलेल्या शेणखताबरोबर मुळांच्या जवळ घालावे.

काळ्या जमिनीची अडचण निराळी आहे. ती फुगते, निचरा मंदावतो व मुळांना हवा मिळत नाही. चुनखडीमुळे लोह व जस्त असूनही पिकास मिळत नाही; कोवळी पाने पिवळी पडतात. अशी माती एकटीच पिशवीत भरणे सर्वथा टाळावे.

पिशवीसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, सोयीचा. मात्र तो स्वच्छ पाण्याने धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवावा. त्यातील सोडियम व पालाश निघून न गेल्यास, पुढे दिलेले कॅल्शियम तो स्वतःच धरून ठेवतो. मग फळाच्या टोकास काळा, खोलगट डाग पडतो. अनेक जण याला रोग समजून बुरशीनाशक फवारतात! वास्तविक तेथे कॅल्शियम पोहोचलेले नसते. ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जाते, म्हणून आज भरपूर पाणी आणि पुढे चार दिवस ताण, ही पद्धत खतापेक्षाही घातक होय. अमोनियायुक्त नत्र व पालाश यांचा अतिरेकही हा दोष वाढवितो.

नत्र अधिक झाल्यास पाला माजतो व फळधारणा लांबते. पालाशाने रंग खुलतो. मुळांभोवतीची क्षारता थोडी वाढल्यास गोडी वाढते, पण फळ लहान राहते. जमिनीची क्षारता २.५ डेसीसायमन प्रति मीटरपलीकडे गेली की पुढच्या प्रत्येक एककामागे टोमॅटोचे उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटते. विहिरीच्या पाण्याची तपासणी त्यासाठीच हवी.

विद्राव्य खते देताना कॅल्शियम नायट्रेट हे स्फुरद व सल्फेटयुक्त खतांसमवेत एका पिंपात कालवू नये. पांढरा साका बसून ठिबकची छिद्रे बुजतात. दोन पिंपे निरनिराळी ठेवावीत, आणि एकाचे द्रावण देऊन झाल्यावर नळ्यांतून साधे पाणी सोडून मगच दुसऱ्याचे द्रावण सोडावे.