"थांब!" म्हणायला शिकूया

(तालुक्याच्या वनहक्क समिती शिबिरात केलेलं भाषण. जसं बोलले तसंच लिहून काढलं आहे.)

मला आज नाटकाच्या शिबिराबद्दल बोलायला सांगितलंय. मागे बसलेले बाबा आत्ताच म्हणाले, "दावे तसेच पडलेत आणि ही पोरगी नाटकाचं काय सांगते?" बाबा, तुमचं बरोबर आहे. मला पहिल्यांदा शिबिराला बोलावलं तेव्हा मी पण हेच म्हटलं होतं. म्हणून नाटकाचं नंतर सांगते. आधी आमच्या पाड्यावर पडताळणी झाली त्या दिवसाचं सांगते.

माझ्या आत्याचा प्लॉट आहे. आत्या विधवा, एकटी कसते. खाली भाताची दोन खाचरं आणि वर उताराला वरकस. वरकस आपण कशी करतो ते तुम्हाला सांगायला नको. एका साली नाचणी, दुसऱ्या साली वरई, मग खुरासणी, आणि मग जमीन काही साल सोडून द्यायची, तिला ताकद येऊ द्यायची. त्या साली आत्याचा वरचा उतार असाच सोडलेला होता. गवत वाढलं होतं.

जीपीएसचं मशीन घेऊन माणूस खाचरांच्या बांधाबांधाने फिरला. वर वळलाच नाही. म्हणाला, "वर तर रान आहे, कसता कुठे?" मी पुढे झाले. मी शिकलेली, कायद्याचं पुस्तक वाचलेली. कलम सांगितलं, १३ डिसेंबर २००५ ची तारीख सांगितली, चार हेक्टरची मर्यादा सांगितली. सोबतचा साहेब पण हुशार. तो माझ्याशी कलमावर वाद घालत राहिला आणि तेवढ्यात पंचनामा लिहून झाला. आत्या मागे उभी होती, डोक्यावर पदर, हातात विळा. तिला कोणी काही विचारलं नाही. अंगठा मात्र तिचाच घेतला.

संध्याकाळी चुलीपाशी आत्या बोलली. "ती काय पड नाय. ती पुढच्या नाचणीला ठेवलीय. वर सासऱ्याने लावलेले दोन आंबे हायत. दगडाचा बांध हाय, तो माझ्या हातचा हाय."

मी म्हटलं, "मग आत्या, तेव्हा का नाय बोललीस?"

ती म्हणाली, "तूच बोलत होतीस ना."

त्या रात्री मला झोप आली नाही. साहेबाने जमीन कापली हे खरं. पण आत्याचं तोंड मी पण बंद केलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी तीन दिवसांचं नाटकाचं शिबिर झालं. आमच्या पाड्यातल्या बाया, पोरं, समितीचे काही जण असे वीस-बावीस जण होतो. आत्याला मी ओढूनच नेली.

आता, पथनाट्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. शहरातून पोरं येतात, डफ वाजवतात, दारू सोडा म्हणतात, पोरांना शाळेत घाला म्हणतात. आपण टाळ्या वाजवतो, ते गाडीत बसून जातात. दारू तिथेच असते. आणि आपला बोहाडा पण आपल्याला ठाऊक आहे. रात्रभर सोंगं नाचतात, पण ज्या घराचं जे सोंग त्या घरानेच ते नाचवायचं. बाकीच्यांनी बघायचं. या शिबिरातलं नाटक तसं नाही. यात बघणारा कोणीच नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला सांगितलं, एक शब्द न बोलता आपल्या ग्रामसभेचं चित्र करा. माणसांचे पुतळे करून उभे करा. आम्ही केलं. झाल्यावर म्हणाले, आता लांब जाऊन बघा. बघतो तर पुरुष सगळे पुढे बसवलेले, बाया दाराबाहेर. एकीला आम्ही पोर कडेवर घेऊन पाठमोरी उभी केली होती. असं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. रोजचं जे बघतो ते हातांनी आपोआप केलं. मग पुरुषांना बायांच्या जागी उभं केलं आणि विचारलं, इथून काय ऐकू येतं? एक काका म्हणाले, "काय पण नाय. नुसत्या पाठी दिसतात." नियमात लिहिलंय की वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत. आमच्या समितीत कागदावर तेवढ्या आहेत. पण त्यांच्या सह्या घरी जाऊन आणलेल्या होत्या. हे त्या चित्रातून सगळ्यांसमोर आलं. कोणी कोणावर ओरडलं नाही, पण काका दुसऱ्या दिवशी बायांना पुढे जागा करून बसले.

दुसऱ्या दिवशी पडताळणीचं नाटक केलं. मी माझंच काम केलं. एका पोराने साहेब केला, एका मावशीने आत्या केली. दहा मिनिटांचं नाटक. जसं घडलं तसं, अंगठ्यापर्यंत. मग सांगितलं, आता हेच पुन्हा करणार. जिथे वाटेल की इथे वेगळं करायला पाहिजे होतं, तिथे "थांब!" म्हणायचं. नुसतं म्हणून बसायचं नाही, उठून तिथे यायचं आणि ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी उभं राहून करून दाखवायचं. साहेबाच्या जागी जायचं नाही. साहेब सुधारला तर चांगलंच होईल, पण ते आपल्या हातात नाही.

पहिला एक पोरगा उठला. त्याने साहेबाचं मशीनच हिसकावलं. सगळे हसले. मग साहेब झालेल्या पोराने शांतपणे कागद काढला आणि म्हणाला, "सरकारी कामात अडथळा. नाव सांग." सगळे गप्प झाले. दुसरा आला, त्याने खिशातून पैसे काढले. साहेबाने घेतले आणि मापून दिलं. तेव्हा एक आजी म्हणाली, "आज याने दिले, उद्या माझ्याकडे मागल. मी कुठून देऊ?" तिसरी आली, ती म्हणाली, "अंगठा देते, पण आधी कागद वाचून दाखवा." साहेब अडखळला. इथे थोडं काही हललं.

आणि मग आत्या म्हणाली, "थांब!"

ती उठली, आत्या झालेल्या मावशीला बसवलं आणि स्वतःच्या जागी उभी राहिली. नाटक सुरू झालं. मी सवयीने कलम सांगायला तोंड उघडलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू गप बस बाय. जमीन माझी हाय." आणि साहेबाला म्हणाली, "साहेब, या माझ्या मागे." विळा हातात घेऊन ती शाळेच्या पडवीतून चालायला लागली. "हा आंबा. हा दुसरा. हा बांध. इथे नाचणी होती, इथे वरई होती, आता ही जमीन निजलीय, पुढच्या साली उठल." मशीनवाला तिच्या मागे, आम्ही सगळे त्याच्या मागे. साहेब झालेला पोरगा नंतर म्हणाला, "मला अडवायला जागाच सापडली नाही. ती मला काही मागत नव्हती, दाखवत होती."

ही रीत ज्याने बांधली त्याचं पण थोडं सांगते. ब्राझील देशातला माणूस, ऑगस्टो बोआल नाव. तो आधी आपल्या पथनाट्यासारखीच नाटकं करायचा. तो स्वतः एक गोष्ट सांगायचा. एका गावात त्यांनी भूमिहीनांसमोर नाटक केलं, हातात लाकडी बंदुका घेऊन गायले की जमिनीसाठी रक्त सांडू. नाटक संपल्यावर एक शेतकरी आला आणि म्हणाला, चला, जमीनदाराशी लढायला आमच्यासोबत या. नाटकवाले म्हणाले, बंदुका खोट्या आहेत. शेतकरी म्हणाला, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही नुसते या. ते कचरले. तेव्हा त्या शेतकऱ्याला कळलं की हे ज्या रक्ताचं गाणं गातात ते यांचं नाही, आपलं आहे. बोआलला लाज वाटली. त्याने ठरवलं, जे धाडस मी स्वतः करणार नाही ते करा म्हणून दुसऱ्याला सांगायचं नाही.

१९७१ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने त्याला पकडलं, छळ केला, मग त्याला देश सोडावा लागला. १९७३ मध्ये तो पेरू देशात साक्षरतेच्या कामावर होता. तिथे एक बाई नाटक बघताना सांगत होती की नवऱ्याशी असं बोला. नट करून दाखवायचे, ती म्हणायची, हे नाही. शेवटी तिला म्हणाले, तूच ये आणि कर. ती आली. तिथून ही रीत सुरू झाली. पुढे तो आपल्या देशात परत गेला, रिओ शहरात नगरसेवक झाला आणि लोकांच्या अशा नाटकांतून निघालेले कायदे तिथल्या नगरपालिकेत मंजूर करून घेतले. २००९ मध्ये तो वारला. आपल्या देशात बंगालमध्ये सुंदरबनच्या बाजूला १९८५ मध्ये सुरू झालेली जनसंस्कृती नावाची संघटना गावागावात हेच करते. तिथे शेतमजूर बाया-माणसंच नाटक करतात.

तर बाबा, तुमचा प्रश्न. नाटकाने जमीन मिळते का? नाही मिळत. जमिनीसाठी दावा लागतो, पुरावा लागतो, ठराव लागतो. एक पुरावा पुरत नाही, एकाहून जास्त लागतात. पण बांध, झाडं, विहीर, थडगं हे पण पुरावे आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब पण पुरावा आहे. हे पुरावे आपल्या रानात आणि आपल्या तोंडात आहेत. तोंडच उघडलं नाही तर पुरावा असून नसल्यासारखा. तोंड उघडायची सवय नाटकात होते. चुकलं तर तिथे कोणी जेलात टाकत नाही, पुन्हा करता येतं.

आमच्याकडे पुढे काय झालं? ग्रामसभेत आत्या स्वतः उठून बोलली. आयुष्यात पहिल्यांदा. पाय कापत होते, मी बघितलं. पण बोलली. ग्रामसभेने ठराव केला की पडताळणी पुन्हा करायची. ती करायचा अधिकार वनहक्क समितीचाच आहे, वनखात्याला लेखी कळवायचं असतं, तसं कळवलं. शेजारच्या पाड्यातल्या एका आजोबांचा जबाब लिहून घेतला. त्या दिवशी आत्या पुढे आणि मशीन तिच्या मागे. उतार पंचनाम्यात आला. दावा आता उपविभागीय समितीकडे आहे. तिथे किती गुंठे मंजूर होतील ते आज मी सांगू शकत नाही. कापलं तर साठ दिवसांत अपील करू, आणि अपिलाला पण आत्याच बोलेल. मी कागद धरीन.

अजून एक झालं. शिबिरात एका दादाने बायकोच्या जागी उभं राहून ग्रामसभेचं नाटक केलं. त्याला कोणी बोलूच दिलं नाही. तो काही न बोलता घरी गेला. त्याच्या दाव्याच्या अर्जावर जोडीदाराचं नाव रिकामं होतं. कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने आहे. दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन आला आणि मला म्हणाला, "हिचं नाव लिही. नीट लिही, माहेरचं पण विचार तिला."

आता आपल्या पाड्यावर हे कसं करायचं ते सांगते. सोपं आहे.

एक, दहा-पंधरा माणसं आणि एक संध्याकाळ. मंच नको, पडदा नको.

दोन, खरं घडलेलं घ्या. दहा मिनिटांत बसेल एवढंच. वाईट शेवट झाला असेल तर वाईटच दाखवा.

तीन, एक सूत्रधार पाहिजे. बोआल त्याला जोकर म्हणतो, पत्त्यातल्यासारखा, कोणत्याच रंगाचा नाही. त्याने उत्तर द्यायचं नाही, विचारायचं. "असं केलं तर उद्या काय होईल?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

चार, कोणी न होणारी गोष्ट केली, म्हणजे साहेब एका वाक्यात रडायला लागला, तर सगळ्यांनी "जादू!" म्हणायचं. जादूने आपलं काम होणार नाही.

पाच, घरातल्या मारहाणीचं नाटक करायचं असेल तर आधी त्या बाईला विचारा. नाव घेऊ नका. तिला नको असेल तर करू नका. नाटक संपल्यावर तिला त्याच घरात जायचं असतं.

सहा, जे निघालं ते वहीत लिहा आणि ग्रामसभेत मांडा. नाहीतर नुसतीच करमणूक होईल.

शेवटचं माझ्यासारख्या शिकलेल्या पोरापोरींना सांगते. आपण कायदा वाचलाय, चांगलं केलं. पण कोणती जमीन निजलीय आणि कोणती जागी आहे ते पुस्तकात नाही. आपण सारखं पुढे होऊन बोललो तर आपण पण एक छोटा साहेबच. पुढच्या पंधरा दिवसांत ज्या पाड्यांवर पडताळणी आहे त्यांनी आदल्या संध्याकाळी एकदा तरी हे करा. बोलवलंत तर मी येईन. पण मी बोलणार नाही, बाजूला उभी राहीन.

जिंदाबाद!