ओले घर आणि दमेकरी



या व्यासपीठावरून आपण राज्यकारभार ऐकता, संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता. आज आपल्या वाट्याला भिंतीवरची बुरशी आली आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा तो मीच सुचविला, तेव्हा दोष त्यांच्याकडे जात नाही. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मी दमेकरी आहे. आणि ज्या घरात जन्मलो त्याच घरात हा आजार घेऊन राहतो, एवढाच माझा अधिकार.

आमचे घर कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या अंगाला. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, मागे डोंगर. इकडे मृगापासून हस्तापर्यंत ३००० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. आगोटीला लाकूडफाटा आत घ्यावयाचा, पडवीला झाप बांधावयाचे, आणि मग चार महिने घर पाण्यात उभे. जांभा दगड दिसावयास कणखर, पण अंगी सच्छिद्र. जमिनीतले पाणी तो दिव्याच्या वातीसारखा वर ओढतो. आषाढ लागला की माजघराच्या भिंतीवर हातभर उंचीपर्यंत काळसर पट्टा उमटतो. पेटीतल्या चामड्याच्या चपला हिरव्या होतात, पुस्तकांना कुबट वास येतो, आणि त्याच सुमारास माझ्या छातीत शिट्टी वाजू लागते.

हा संबंध आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही. चरकसंहितेत तमक श्वासाचे वर्णन आहे. ढगाळ हवा, पाणी, थंडी आणि पूर्वेकडचा वारा यांनी तो बळावतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. दमा जुना झाला की आयुर्वेद त्याला ‘याप्य’ म्हणतो. याप्य म्हणजे समूळ न जाणारा, पण उपचाराने आवरून धरता येणारा. सुश्रुताने याप्य रोग्याला दिलेली उपमा तर आमच्या घराकडे पाहूनच सुचली असावी असे मला वाटते: पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा तोलून धरतो, तसा योग्य उपचार अशा रोग्याला धरून ठेवतो. टेकू काढला की घर बसलेच. माझे अर्धे आयुष्य हे न समजल्यामुळे वाया गेले. बरे वाटले की मी औषध सोडी. आणि पुढच्या श्रावणात पुन्हा उशीला टेकून, बसून रात्र काढी.

आता बुरशीविषयी. तिचे बीज हवेत सर्वत्र असते. आपण आत्ताही ते श्वासाबरोबर घेत आहोत. ते घरात येऊ नये हा हट्ट व्यर्थ आहे. तिला खावयास लाकूड, कागद, रंग, धूळ, काहीही चालते. अडते ते फक्त ओलीवाचून. भिंतीला लागून असलेल्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही काळ टिकली की ती वाढू लागते. आमच्याकडे जुलैत बाहेरचीच हवा ९०-९५ टक्क्यांची असते. म्हणून ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा शहरी सल्ला आमच्याकडे अर्धाच लागू पडतो. स्वयंपाकाची व न्हाणीची वाफ बाहेर घालविण्यासाठी खिडकी हवी. पण घर सुकविण्याचे काम ती करीत नाही, कारण सुकी हवा बाहेर आहेच कोठे?

मग जुनी घरे सुकी कशी राहत? चुलीमुळे. हवा तापली की तिची पाणी सामावण्याची ताकद वाढते. २५ अंशांवरची ९५ टक्के ओलीची हवा ३० अंशांपर्यंत तापविली, तर तीच हवा सुमारे ७० टक्क्यांवर येते. चुलीची ऊब माळ्यापर्यंत जाई, कौलांच्या फटींतून बाहेर पडे, आणि भाताच्या कणग्या कोरड्या राहत. परंतु त्या धुराने आमच्या आजीची छाती पोखरली, हेही सांगितले पाहिजे. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी तो खोकला ऐकलेला नसतो. पुढे गॅस आला, धूर गेला, त्याबरोबर ऊबही गेली. मग मीच हौसेने भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि वर चकचकीत तैलरंग दिला. पूर्वी चुन्यातून भिंतीची ओल निदान बाहेर निघे. आता ती आत कोंडली. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटले आणि मागे काळी मखमल दिसली. मी काय केले? पुन्हा रंग दिला.

त्याच वर्षी आजाराने रूप पालटले. ताप येई, वजन उतरले, खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडू लागल्या. एका दवाखान्यात छातीच्या चित्रावर डाग पाहून क्षय ठरला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी सहा महिने क्षयाची औषधे घेतली. गुण आला नाही. पुढे मुंबईस एका डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मला प्रथमच विचारले, ‘घरात ओल आहे काय?’ माझ्या फुप्फुसात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीने ठाण मांडले होते आणि शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठले होते. हा विकार इंग्लंडात १९५२ साली प्रथम वर्णिला गेला. आपल्या देशात तो क्षय समजून चालविला जाण्याचे प्रकार पुष्कळ घडतात, कारण क्षय आपल्याकडे दारोदार. या बुरशीचे नावही मौजेचे आहे. मिकेली नावाच्या इटालियन धर्मगुरूने ती १७२९ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तिचा आकार त्याला तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला. तीर्थ शिंपडणारी ही बाई माझ्या माजघरात किती वर्षे होती कोण जाणे!

येथे ‘पंपा’विषयी दोन शब्द. आमच्या भागात अजूनही लोक पंप खिशात लपवितात. मुलीचे लग्न ठरावयाचे असेल तर फारच. पंपाची सवय लागते, असा समज आहे. हिशेब असा, की श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असते, तर तेच औषध पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसावा भाग. ते थेट जागेवर पडते, म्हणून एवढेसे पुरते. सूज उतरविणारा दुसरा पंप मात्र रोज घ्यावा लागतो, बरे वाटत असतानाही. तोच सुश्रुताचा टेकू.

२२ जुलै २०२१ रोजी महाडात पूर आला. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे ओल्या भिंतींचे दुःख कोण बोलणार? पण पाणी ओसरून, चिखल काढून लोक घरांत परतले ते ओल्याच भिंतींत. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून महिनोन् महिने सुकत नाही. पुरात भिजलेली कापसाची गादी वाळवून पुन्हा वापरणे हे दमेकऱ्यासाठी दुसऱ्या पुरासारखेच आहे. आणि आमच्याकडे गादी टाकून द्यावयाची म्हणजे घरातले माणूस टाकल्यासारखे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर मार्गदर्शक पुस्तक काढले. किती बुरशी चालेल याचा आकडा त्यांनी दिला नाही. ओलच टिकू देऊ नका, असे सांगितले. इंग्लंडातील रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे बालक डिसेंबर २०२० मध्ये वारले, आणि ते भाड्याच्या घरातील बुरशीमुळे, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत झाला. बापाने तक्रार केली, तेव्हा ‘वरून रंग द्या’ असे त्याला सांगण्यात आले होते. ते वाचले आणि माझा रंगाचा डबा मला आठवला. तेथे त्या बालकाच्या नावाचा कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या मालकांना ओलीच्या तक्रारीची ठराविक मुदतीत चौकशी करावी लागते. आमच्याकडे मालक मीच, भाडेकरू मीच. तक्रार कोणाकडे करावी?

तेव्हा आम्ही जे केले ते सांगतो. तैलरंग खरवडून काढला व चुना दिला. ते काम मी केले नाही; दमेकऱ्याने करूच नये. माझ्या धाकट्या भावाने नाकातोंडाला पट्टी बांधून, भिंत आधी ओली करून खरवडली, कारण सुके झाडले की बीज घरभर उडते. मागच्या अंगाला चर खणून डोंगराचे पाणी बाजूस वळविले. सर्वांत अधिक उपयोग याचाच झाला आणि खर्च सर्वांत कमी. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. पूर्वी कपाटात साठचा दिवा लावून ठेवीत, त्याच्या उबेने कपडे कोरडे राहत. हल्लीचे दिवे वीज वाचवितात, पण ऊब देत नाहीत. हवेतील पाणी शोषणारे यंत्र घेतले. ते दिवसाला बादलीच्या तळाशी दिसेल इतके पाणी काढते, वीज असेल तेव्हा. श्रावणात ती किती असते हे आपणांस ठाऊकच आहे.

एवढे करूनही डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यापुरते तरी घर सोडा. सोडावयाचे म्हणजे जावयाचे कोठे? आमच्या गावची निम्मी माणसे मुंबईस. चाळीतली खोली याहून कोरडी असते असे नाही. आंबेनळी चढून महाबळेश्वर गाठावे तर तेथे आमच्याहून अधिक पाऊस. पण तेच महाबळेश्वर ओलांडून वाईकडे उतरले की पाऊस एकदम ओसरतो. वाईत मावशीचे घर आहे. मी आईला म्हटले, ‘आई, दोन महिने चल.’ ती म्हणाली, ‘तू जा बाबा. तुझी छाती आहे. मी गेले तर गणपतीपर्यंत घर उघडणार कोण?’

तिचे म्हणणे खोटे नव्हते. बंद घराची दशा आमच्या वाडीत दर भाद्रपदात दिसते. चाकरमाने येतात, चार महिन्यांचे कुलूप काढतात, आणि पहिला झोत कुबट हवेचा येतो. लगोलग सगळे झाडू घेतात. त्या रात्री घरातले एखादे मूल तरी खोकत बसते. हल्ली मी त्यांना आधी निरोप धाडतो: दमेकरी माणूस ओटीवर बसवा, दारे-खिडक्या दुपारभर उघडी टाका, भिंती ओल्या फडक्याने पुसा, मग त्याला आत घ्या. काही ऐकतात.

गेली तीन वर्षे मी आषाढ-श्रावणात वाईस असतो. रोज सायंकाळी दूरध्वनीवर आई भिंतीचा पट्टा किती वर चढला ते सांगते, आणि मी पंप घेतला का ते विचारते. पण यंदा तिलाही खोकला धरला आहे. थुंकी तपासावयास दिली आहे, उत्तर पुढल्या आठवड्यात येईल. ते उत्तर काहीही येवो, मृगाच्या आधी आम्हांला दोघांनाही निघावे लागणार, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. घराची किल्ली शेजारच्या काकांनी घ्यावी, दर चार दिवसांनी उघडावे, एवढे त्यांच्याशी बोलून ठेवले आहे.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. मी थांबतो. कोणास काही विचारावयाचे असल्यास खाली ओट्यावर बसलो आहे. आत दिव्यांची उष्णता असली तरी गर्दीची हवा मला फार वेळ सोसत नाही.